ग्रहणातली सुपारी

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात पद्धत नव्हती. ‘हे’ म्हणायचं, ‘आमच्याकडचे’ म्हणायचं, नाहीतर नुसती त्या दिशेला मान हलवायची. आता तो नाही आणि मला टोकणारंही कुणी उरलेलं नाही, म्हणून इथे मी त्याला अरे-तुरेच करणार आहे. हयातभर ‘अहो’ म्हटलं, तेवढं पुष्कळ झालं.

आमचं भांड्यांचं दुकान नाशकात तांबट आळीच्या तोंडाशी होतं. पुढे दुकान, मागे घर. दिवसभर आळीतून ठोक्यांचा आवाज यायचा. पाहुण्यांचं डोकं उठायचं; आम्हाला आवाज थांबला की चुकल्यासारखं व्हायचं. नवरा ठोके मारणारा नव्हता, विकणारा होता. तांब्याचा पत्रा आणायला मुंबईला जायचा आणि आठ-आठ दिवस राहायचा. दिसायला चांगला होता. रंग उजळ, डोळे घारे, बोलणं गोड. माझ्या माहेरच्या बायका माझ्या नशिबाचा हेवा करायच्या. घरात आम्हा दोघांशिवाय त्याची थोरली बहीण, म्हणजे माझ्या वन्सं. सासर सायखेड्याचं, ऐन तिशीत विधवा होऊन माघारी आलेल्या. येताना तिकडची बोली आणि कडक सोवळं तेवढं बरोबर घेऊन आल्या होत्या.

माझी पहिली दोन मुलं गेली. पहिलं सातव्या महिन्यात मेलेलंच जन्मलं. दुसरं नऊ दिवस जगलं. त्याच्या तळहातांना आणि तळपायांना फोड आले होते, कातडं सुटत होतं. सुईण म्हणाली, नजर लागली. वन्सं म्हणाल्या, माझी कूसच कडक. मला दोघींचंही खरं वाटत होतं.

तिसऱ्या खेपेला मी सात महिन्यांची असताना सूर्यग्रहण लागलं. वन्संना गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, स्नानाला जायचं होतं. जाण्यापूर्वी त्यांनी मला आतल्या खोलीत घोंगडीवर निजवलं आणि बजावलं, “मोक्ष होईस्तवर हलायचं नाय. काय चिरायचं नाय, कातरायचं नाय, शिवायचं नाय. पोटातल्या पोराच्या अंगावर उमटतं.” मी डोळे मिटून पडून राहिले. थोड्या वेळानं नवरा आत आला. दुकान बंद, खाणंपिणं बंद, त्याला करमत नव्हतं. म्हणाला, “सुपारी तरी कातरून दे.” मी ग्रहणाचं नाव काढलं तर हसला. “सुपारी काय जेवण आहे? आणि मला काय गर्भ राहिलाय?” मी उठून बसले, अडकित्ता घेतला आणि अर्धी सुपारी कातरून त्याच्या तळहातावर ठेवली. एवढंच झालं.

मुलगी झाली आणि जगली. त्यानंतर मला मूल झालं नाही, त्यामुळे ही एकच. सहा वर्षं तिच्यात कुणाला काही खोट दिसली नाही. सातव्या वर्षी दुधाचे दात पडून पुढचे दोन नवे आले ते मात्र विचित्र आले. खाली निमुळते होत गेलेले, आणि दोन्हींच्या खालच्या कडेला मधोमध अर्धगोल खाच. वन्संनी तिची हनुवटी उजेडाकडे धरून पाहिली आणि माझ्याकडे वळल्या.

“ग्रहणात काय कातरलं व्हतं गं?”

“सुपारी,” मी म्हणाले.

त्या वेळच्या माझ्या तोंडात आजही एक ठेवून द्यावीशी वाटते. मला कुणी पाहिलं नव्हतं. वन्सं गंगेवर होत्या. मी ‘काही नाही’ म्हटलं असतं तर दात दातांच्या जागी राहिले असते आणि वन्संनी दुसरं काही कारण शोधलं असतं. नवरा तिथेच उभा होता. ‘मीच मागितली होती’ एवढं बोलायला त्याला किती वेळ लागला असता? तो दुकानात निघून गेला. आठवडाभरात आळीत सगळ्यांना कळलं. शाळेतल्या पोरी माझ्या मुलीला ‘सुपारी’ म्हणून हाक मारायला लागल्या. ती तोंडावर हात धरून हसायला शिकली, आणि मी तिच्या तोंडाकडे न बघता तिला घास भरवायला शिकले.

दहाव्या वर्षी तिचा डावा डोळा लाल झाला. पाणी गळायचं, उजेडात डोळा उघडवत नसे, खिडकीकडे पाठ करून बसायची. वन्सं म्हणाल्या, उष्णता झाली. धन्या-जिऱ्याचं पाणी झालं, सब्जा झाला, दुर्वांचा रस झाला, डोळ्यावर गुलाबपाण्याच्या घड्या झाल्या. वीस दिवस आम्ही त्या पोरीला थंड करत होतो. मग एके सकाळी मी तिचा डोळा बोटांनी उघडून पाहिला, तर बुबुळावर धूसर सायीसारखं काही आलं होतं आणि तिला माझी बोटं मोजता येत नव्हती. तेव्हा कुठे नवऱ्यानं टांगा बोलावला.

डोळ्यांचा डॉक्टर मेन रोडच्या बाजूला नव्यानं दवाखाना घालून बसला होता. मुंबईत शिकलेला, तरुण आणि बोलायला तुसडा. त्यानं भिंगातून डोळा पाहिला, बराच वेळ पाहिला आणि मग म्हणाला, “दात दाखव.” पोरगी तोंड उघडेना. मला वाटलं, दुखतोय डोळा आणि हा दात कशाला बघतोय. तिची लाज वाचवावी म्हणून मीच घाईनं सांगितलं, “ते ग्रहणामुळे झालंय हो. माझ्याकडून सुपारी कातरली गेली होती.”

तो हसला. वाईट हेतूनं हसला नसेल. पण मी तीन वर्षं ज्या गोष्टीसाठी स्वतःला खात होते, तिच्यावर तो हसला, आणि ते मी त्याला कधी माफ केलं नाही.

मग त्यानं विचारलं, “हिच्या आधी किती मुलं गेली?” मी दोन म्हटलं. “अंगावर फोड होते?” मी हो म्हटलं. याला हे कसं ठाऊक, म्हणून मी त्याच्याकडे बघतच राहिले. त्यानं मला पोरीला घेऊन बाकावर बसायला सांगितलं आणि नवऱ्याशी इंग्रजीत बोलायला लागला. म्हणजे मला कळू नये. नवऱ्याला इंग्रजी समजायचं, बोलता येत नसे, त्यामुळे त्याची उत्तरं मराठीत आली आणि ती मी ऐकली. “छे छे, आमच्या घरात असलं काही नाही.” मग, “मी? मला काय झालंय?” मग, “रक्तबिक्त कुणाचं काढायचं नाही.” प्रश्न काय होते ते मला समजलं नाही. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मात्र दिसल्या. डॉक्टरनं दिलेली थेंबांची बाटली उचलून नवऱ्यानं आम्हाला जवळजवळ ढकलतच बाहेर काढलं.

चार दिवसांनी वन्सं कीर्तनाला गेल्या होत्या आणि नवरा पत्रा आणायला मुंबईला. मी पोरीच्या डोळ्यांवर काळा रुमाल बांधला आणि तिला घेऊन पायी दवाखान्यात गेले. तिला बाहेरच्या बाकावर बसवलं, आत जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, “माझ्या मुलीला काय झालंय ते मला सांगा.”

“यजमानांना सांगितलंय.”

“ते मला सांगणार नाहीत. म्हणून तर आले.”

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. “याला गरमी म्हणतात,” तो म्हणाला.

“मग त्याचंच तर देतेय मी. धन्या-जिऱ्याचं पाणी, सब्जा...”

“बाई, ती गरमी नव्हे.” त्यानं दार लोटून घेतलं. “ही पुरुष बाहेरून आणतात ती.”

मला समजायला वेळ लागला नाही. तो शब्द आळीत शिवी म्हणून मी हजारदा ऐकला होता. तो माझ्या घरात, माझ्या रक्तात, माझ्या पोरीच्या डोळ्यात असेल हे तेवढं कधी मनात आलं नव्हतं. डॉक्टरनं मग सगळं सांगितलं, लहान मुलाला हिशेब समजवावा तसं. नवऱ्याकडून मला. माझ्याकडून पोटातल्या मुलांना. मला वरून काही दिसलं नाही, कळलं नाही, तसं पुष्कळ बायकांचं होतं. दोन मुलं गेली ती त्यानं. दात तसे आले ते त्यानंच. असे दात आणि असा डोळा एकत्र दिसला की दुसरं काही शोधायला लागत नाही. रक्त मुंबईला पाठवून खात्री करायची, एवढंच बाकी.

“एका डोळ्यात आलं की थोड्या दिवसांनी दुसऱ्यात येतं,” तो म्हणाला. “या डोळ्याचं मी काही कबूल करत नाही. पण लगेच इंजेक्शनं सुरू केली तर दुसरा वाचवायचा प्रयत्न करता येईल. उशीर केलात तर आंधळी मुलगी घरात ठेवायची तयारी करा.”

खरं सांगते, मला आधी रडू आलं नाही, रागही आला नाही. आधी हलकं वाटलं. माझ्या सुपारीनं काही झालं नव्हतं. तीन वर्षांत पहिल्यांदा मी बाहेर जाऊन पोरीच्या तोंडाकडे सरळ पाहिलं. राग नंतर आला, घरी येताना, भर रस्त्यात. आला तो पुन्हा गेला नाही.

नवरा परत आल्यावर, दुपारची जेवणं झाल्यावर मी त्याला सगळं बोलून दाखवलं. आधी त्यानं डॉक्टरला शिव्या दिल्या. मग मला दिल्या, मी एकटी गेले म्हणून. मग भिंतीला टेकून बसला आणि बराच वेळ पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता रडेल. तो विचार करत होता.

“बोभाटा झाला तर पोरीला कोण पत्करील?” तो म्हणाला.

“डोळे गेले तर कोण पत्करील?”

“इंजेक्शनं देऊ. मी स्वतः नेईन. पण ग्रहणाचं तू मागे घ्यायचं नाहीस. डोळ्याचंही तेच कारण सांगायचं. तुझ्या चुकीनं पोरीचं रक्त नासलं, ते शुद्ध करायची इंजेक्शनं आहेत. तुझ्या वन्संना तू सांग. पोरीलाही तूच सांग, म्हणजे उद्या शाळेत, आळीत कुणी विचारलं तर तिच्या तोंडून तेच येईल.”

“आणि तुम्ही घ्यायची इंजेक्शनं.”

“मला काय झालंय?” तो म्हणाला.

दुकानदारच होता. सौदा कुठे ताणायचा आणि कुठे सोडायचा हे त्याला पक्कं ठाऊक. पोरीचा उजवा डोळा अजून स्वच्छ होता आणि एक-एक दिवस चालला होता. मी कबूल झाले. माझ्या जागी दुसरी कुणी असती तर तिनं आळीच्या मध्ये उभं राहून बोंब मारली असती, असं मला पुढे कितीदा वाटलं. पण बोंब मारून पोरीच्या नावाला तो शब्द मीच चिकटवला असता. नवऱ्याला हे माझ्याआधी कळलं होतं.

पोरीला आम्ही आतल्या खोलीत ठेवलं होतं, खिडकीवर गोधडी टाकून. डोळ्याची बाहुली मोठी करायचे थेंब घातलेले, त्यामुळे दाराच्या फटीतला उजेडही तिला टोचायचा. मी तिच्या उशाशी बसले आणि सांगितलं, की तू पोटात असताना मी ग्रहणात सुपारी कातरली, त्यानं तुझे दात असे झाले आणि आता डोळाही त्यानंच आला.

“तुला माहीत होतं ना, कातरायची नसते?”

“हो.”

“तरी कातरलीस?”

“हो.”

“का?”

मी म्हटलं, “चुकून.” तिनं थोडा वेळ वाट पाहिली, मी आणखी काही बोलेन म्हणून. मग भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर दुखलं की ती ‘अण्णा’ म्हणून बापाला हाक मारायची.

दर गुरुवारी तो तिला टांग्यातून घेऊन जायचा. एका आठवड्यात शिरेतलं इंजेक्शन, दुसऱ्यात कमरेतलं. कमरेतलं फार दुखायचं, दोन दिवस तिला कुशीवर वळता येत नसे. हिरड्यांवर काळी रेघ आली, तोंडाला तांब्याच्या भांड्यात ठेवलेल्या ताकासारखी चव येते म्हणायची. कितीदा टांग्यातच उलटी व्हायची आणि तो तिचं कपाळ धरून बसायचा. परत येताना तिला जिलबी घेऊन द्यायचा. हे त्यानं मनापासून केलं, त्याबद्दल मी त्याला नावं ठेवणार नाही. पोरीला मात्र एवढंच दिसलं: आईनं डोळे घालवले आणि अण्णा ते परत आणतायत.

मी सोमवारी जायची. मलाही तीच सुई होती. वन्संना सांगितलं होतं, बायकांचा आजार आहे. एका सोमवारी डॉक्टरनं विचारलं, “यजमान?” मी म्हटलं, नाही म्हणतात. तेव्हा त्यानं सुई बाजूला ठेवली आणि मला समजावलं. आज त्यांना काही वाटत नसेल. पाच वर्षांनी, दहा वर्षांनी वाटेल. पायात वीज चमकल्यासारखी कळ येईल. डोळे मिटले की तोल जाईल. आणि बाहुल्या बघत जा, म्हणाला. दिवा जवळ नेला की माणसाची बाहुली बारीक होते. त्यांची व्हायची थांबली तर त्याच दिवशी घेऊन या, ओढून आणा हवं तर. नजर गेल्यावर आणलंत तर मी काही करू शकणार नाही.

सहाव्या आठवड्यात पोरीचा उजवा डोळाही लाल झाला. त्या दिवसांबद्दल मला लिहिता येणार नाही. सकाळी तिच्यापुढे बोटं धरायची आणि ती किती म्हणते त्याची वाट बघायची, यापलीकडे मला काही आठवतही नाही. पण उजवा डोळा डाव्यासारखा भरला नाही. तीन महिन्यांत निवळला, इतका की ती सुईत दोरा ओवायला लागली. डाव्यात बुबुळावर पांढरं फूल राहिलं ते राहिलंच. डॉक्टर म्हणाला, इंजेक्शनांनी किती आणि आपोआप किती हे त्यालाही छातीठोक सांगता येणार नाही. मला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. मुलीला एक डोळा होता.

मग चार-पाच वर्षं गेली. पोरगी मोठी झाली, वाचायला हुशार निघाली. दुकानाची पत्रं लिहायची, अण्णांना वर्तमानपत्र वाचून दाखवायची. तिला बघायला दोन ठिकाणची माणसं आली आणि दातांकडे, डोळ्याकडे बघून परत गेली. माझ्याशी ती कामापुरतं बोलायची. आणि नवऱ्यानं एक थट्टा काढली होती. पाहुण्यांपुढे पानाचं तबक आलं की तो म्हणायचा, “सुपारी मात्र आमच्या हिच्या हातची नको बरं का!” लोक हसायचे. वन्सं हसायच्या. पोरगी तोंडावर हात धरून हसायची. त्याला खरंच विसर पडला होता, असं मला वाटतं. इतक्यांदा सांगून त्याला स्वतःलाच ती गोष्ट खरी वाटायला लागली होती.

दिवाळीच्या पाडव्याला बायकोनं नवऱ्याला ओवाळायचं असतं. डॉक्टरनं सांगितल्यापासून मी दर पाडव्याला निरांजन त्याच्या चेहऱ्याजवळून जरा सावकाश न्यायची आणि बाहुल्या बघायची. घाऱ्या डोळ्यांत त्या स्पष्ट दिसतात. चार पाडवे त्या दिव्याबरोबर बारीक झाल्या, आणि मी ताम्हन खाली ठेवलं. भीतीनं बघत होते की वाट बघत होते, असं मला कुणी विचारलं तर मी शपथेवर काही सांगणार नाही.

पाचव्या पाडव्याला घरी पाहुणे होते. पोरीसाठी आलेलं तिसरं स्थळ. मुलाचा मामा आणि मामी नुसती बघून जायला आलेली. फराळ झाला, पान आलं, आणि नवऱ्यानं त्यांच्यापुढेही तीच थट्टा केली. मामीनं विचारलं, असं का? तर त्यानं ग्रहणाची सगळी गोष्ट रंगवून सांगितली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मामीनं माझ्याकडे बघितलं, मग पोरीच्या दातांकडे बघितलं. पोरगी म्हणाली, “आईला कातरल्याशिवाय राहवलं नाही.” सगळे हसले, नवरा सर्वांत जोरात.

पाहुणे गेल्यावर मी पाट मांडला आणि त्याला ओवाळलं. निरांजन डाव्या डोळ्यापुढून उजव्याकडे नेलं. बाहुल्या मोहरीएवढ्या होत्या, कडा वेड्यावाकड्या, आणि दिवा आला-गेला तरी तेवढ्याच राहिल्या. मी पुन्हा ओवाळलं. तिसऱ्यांदा ओवाळलं. “आज काय फार प्रेम उतू चाललंय?” तो म्हणाला. मी ताम्हन खाली ठेवून त्याला नमस्कार केला आणि आत गेले. डॉक्टर म्हणाला होता, त्याच दिवशी आणा. त्या दिवशी मी करंज्यांचे डबे लावले.

मला सगळं माहीत होतं आणि मी गप्प बसले, हे इथे स्वच्छ लिहून ठेवते. आज सांगते, उद्या सांगते, असं मनाशी म्हटलं का? पहिले काही दिवस म्हटलं असेल. मग तेही म्हणायचं सोडलं. न्हाणीत तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तो भिंतीला हात टेकायचा, मी पाहायची. चालताना टाचा आपटायला लागला, जणू पायऱ्या नाहीत तिथे पायऱ्या उतरतोय, मी पाहायची. पायात कळ आली की विव्हळायचा आणि म्हणायचा, वात आहे. मी म्हणायची, वातच असेल.

होळीच्या सुमाराला एकदा म्हणाला, “डोळ्यांपुढे धुरकट दिसतं गं हल्ली. काय असेल?”

“उष्णता असेल,” मी म्हणाले.

मग मी त्याच्यावर उष्णतेचे उपचार केले. धन्या-जिऱ्याचं पाणी दिलं, सब्जा दिला. आणि रोज दिवेलागणीला त्याचे पाय मांडीवर घेऊन तळव्यांना तूप लावायची आणि काशाच्या वाटीनं घासायची. आमच्याकडे सगळे मानतात, काशाच्या वाटीनं तळवे घासले की डोळ्यांची उष्णता उतरते. घासून घासून तूप काळं होतं, ती बाहेर आलेली उष्णता. आमच्या दुकानातली सगळ्यांत चांगली वाटी मी त्यासाठी काढून घेतली होती. तो डोळे मिटून पडायचा. कधी मध्येच विचारायचा, “घासतेस ना?” त्याच्या तळव्यांना वाटी कळत नव्हती. मी म्हणायची, “घासतेय की. बघा किती काळं आलं.” वन्संना कौतुक वाटायचं, सेवा करावी तर अशी. पोरगीसुद्धा त्या दिवसांत माझ्याशी थोडी बरी वागायला लागली होती. मला ते आवडायचं. हेही लिहून ठेवते.

वर्ष गेलं, आणखी एक पाडवा गेला. एके दिवशी दुकानात त्यानं पितळी घागर म्हणून गिऱ्हाईकापुढे तांब्याची ठेवली. गिऱ्हाईक हसलं आणि पोरगी घाबरली. तिनं मला विचारलंही नाही. टांगा बोलावला, अण्णांचा हात धरला आणि त्याच डॉक्टरकडे नेलं. मी मागून चढले.

डॉक्टरनं खोलीत अंधार करून आरशातून त्याच्या डोळ्यांत पाहिलं. गुडघ्यावर ठोकून पाहिलं. डोळे मिटून उभं राहायला सांगितलं तर तो पडणारच होता, पोरीनं सावरलं. मग डॉक्टरनं खिडकी उघडली आणि मराठीत, पोरीकडे बघून सांगितलं, “आतली नस पांढरी पडलीय. सुकली.”

“औषध?”

“आता नाही. वर्ष-दीड वर्षापूर्वी आणलं असतं, तर तेव्हा होती तेवढी नजर टिकवायची खटपट केली असती. खुणा आधीपासून असतात. बाहुल्या, चालणं, तोल जाणं. घरातल्या माणसाला दिसतात.”

एवढं बोलून तो माझ्याकडे वळला. त्याला आठवलं होतं. मी भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत राहिले, वरचं सगळ्यांत मोठं अक्षर. मला वाटलं, तो आता बोलेल. तो बोलला नाही. त्यानं तस्तात हात धुतले आणि पंच्याला पुसले.

बाहेर आल्यावर पोरीनं अण्णांना बाकावर बसवलं, खाली वाकून त्यांच्या पायांत चपला चढवल्या आणि तशीच वाकलेली असताना मान वर करून मला विचारलं, “आई, रोज संध्याकाळी हे पाय तुझ्या मांडीवर असायचे. तुला काहीच दिसलं नाही?”

“जाऊ दे गं,” नवरा म्हणाला. “तिला काय कळतंय त्यातलं.”

ती माझ्याकडे बघतच होती, उजव्या डोळ्यानं, जो निवळला होता. “तू बघितलंच नसशील,” ती म्हणाली. “तुझ्यामुळे गेले अण्णांचे डोळे.”

दात तिनं माझ्या नावावर टाकले तेव्हा मी हो म्हटलं होतं. डावा डोळा टाकला तेव्हाही हो म्हटलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा तिचं बोलणं खरं होतं, आणि मी म्हणाले, “नाही गं. मी काय केलं?”